ठराव कोणी मांडायचा

माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते खाल्लेलं बाधलं म्हणून नाही. धाकटीमुळे दुखत होतं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. एकाच घरात राहतो आम्ही. स्वयंपाकघर एक, सासू एक, आणि गेल्या निवडणुकीपासून नगरपरिषदही एकच. मी जुन्या बाजारातून तिसऱ्यांदा निवडून आले. ती नव्या वसाहतीतल्या शाळेत विज्ञान शिकवते, तर तिथल्या लोकांनी तिला उभं केलं आणि पहिल्याच फटक्यात निवडून आणलं. माझ्यापेक्षा जास्त मतांनी. सासूबाईंनी हे आल्यागेल्याला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी आलेगेलेच म्हणायला लागले, "हो, मागच्या वेळी सांगितलंत."

आता गावामागच्या टेकडीचं सांगते. टेकडीच्या पोटात युरेनियम आहे. पायथ्याला तळं आहे, त्याचं पाणी अख्ख्या गावाच्या नळाला येतं, आणि तळ्याच्या अलीकडे ही नवी वसाहत. दर वर्षी चार गल्ल्यांनी वाढते. खाणवाल्यांना टेकडी हवी होती. टेकडीवर निळ्या फिती बांधलेले मोजणीचे खुंटे पहिल्यांदा कोणी पाहिले? मी. दारोदार हिंडून चपला कोणी झिजवल्या? मी. तेव्हा लोक म्हणायचे, "बाईंना दुकानात गिऱ्हाईक नसेल." माझं शिवणाचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक भरपूर आहे, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

मग धाकटी आली. एकदा तळ्याकाठी हातात पाण्याचा पेला घेऊन उभी राहिली आणि बोलली. काय बोलली, तर मी इतकी वर्षं बोलत होते तेच. खाणीतून काढलेला दगड दळून त्याचा चिखल उरतो, तो टेकडीवर साठवतात, तिथून तो पाण्यात झिरपला तर काढता येत नाही. पण मी बोलले की लोक घड्याळ बघायचे. ती बोलली तर कोणीतरी ते फोनवर टिपलं, आणि दुसऱ्या दिवशी गावात ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आमची धाकटी!

"तुमच्या जाऊबाई काय बोलतात हो! ऐकत राहावंसं वाटतं." पँटची लांबी द्यायला आलेला माणूस हे माझ्या डोक्यावर उभा राहून म्हणायचा, आणि मी खाली त्याच्या पायाशी, तोंडात टाचण्या. टाचण्या होत्या म्हणून बरं. नाहीतर काय बोलले असते देव जाणे.

शेवटी परिषदेत मतदान ठरलं. आमच्याकडचा कायदा असा की नगरपरिषदेने विरोधाचा ठराव केला तर खाणीला परवाना मिळत नाही. ठराव केला नाही तर खाण आलीच. आम्ही अकरा सदस्य. सहा खाणीच्या विरोधात, पाच बाजूने, आणि त्या पाचांत खुद्द अध्यक्ष. त्यांचं लोखंडी सामानाचं मोठं दुकान आहे, खाण आली की त्यांची चांदीच चांदी.

आम्ही सहा जण आमच्याच स्वयंपाकघरात बसलो. ठराव कोणी मांडायचा? मी घसा साफ केला. तेवढ्यात आमच्यातला न्हावी म्हणाला, "त्यात विचारायचं काय? धाकट्या वहिनींनी मांडावा." सगळ्यांनी माना हलवल्या. एरवी सभेत फक्त झोपणारे डुलकीकाका, तेसुद्धा नेमके तेव्हा जागे होते आणि त्यांनीही मान हलवली.

"हो तर! तिनेच मांडावा," मी म्हणाले. आवाजात इतका गोडवा आणला की माझं मलाच मळमळलं.

सभेच्या आदल्या दिवशी अध्यक्ष दुकानात आले. कोट पोटावर घट्ट होत होता, सैल करून हवा होता. मी माप घेत होते आणि ते आरशात बघून स्वतःशीच हसत होते.

"मग, ठराव धाकट्या सूनबाईच मांडणार ना?" त्यांनी विचारलं. "छान, छान. मांडू दे त्यांनाच. हुशार आहे पोरगी. तुम्ही काही मध्ये पडू नका."

माझ्या तोंडात टाचण्या. पण डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस धाकटीचं कौतुक कशाला करेल? याला काय तिच्या बोलण्याचा पुळका आलाय? आणि मग आठवलं. पायंडा!

आमच्या परिषदेत जुना पायंडा आहे. एका घरातले दोन सदस्य असले, तर एकाने ठराव मांडला की दुसऱ्याने सभागृहातून बाहेर जायचं. त्याने मत द्यायचं नाही. हा पायंडा पडला तोच मुळी आमच्या घरामुळे. माझे सासरे आणि चुलत सासरे दोघे एकाच वेळी सदस्य होते, आणि दोघांनी मिळून एक रस्ता मंजूर करून घेतला. रस्ता कुठे गेला? थेट आमच्या वीटभट्टीच्या दारात. गावाने इतकी छी-थू केली की आमच्या घरात त्याचा कोणी चकार शब्द काढत नाही. धाकटीला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. बाकीचे विसरून गेले होते, कारण त्यानंतर एका घरातले दोघे कधी निवडूनच आले नव्हते. आणि मला ठाऊक असून मी जळण्यात इतकी गुंग होते की माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

अध्यक्ष मात्र विसरले नव्हते. धाकटी ठराव मांडणार, ते मला बाहेर काढणार, मतं पाच-पाच होणार, आणि मग बरोबरी फोडायला अध्यक्षांचं जादा मत. खाण आली!

मी कोट घडी करून ठेवला आणि घरी गेले. सांगायचंच म्हणून गेले हो. पण घरात शिरते तर सासूबाई धाकटीच्या पुढ्यात बसून तिचं भाषण ऐकत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या एका तरी भाषणाला ही बाई रडली होती? माझ्या भाषणाच्या वेळी तिच्या गुडघ्याला शेक द्यायची वेळ असायची. मी म्हटलं, मरू दे. उद्या उठेल, बोलेल, आणि तोंडावर आपटेल. गावाला कळू दे, नुसतं गोड बोलून राज्य चालत नाही. जेवताना ती म्हणाली, "ताई, तुम्ही गप्प का आज?" मी म्हटलं, "दाढ दुखतेय." दाढ कसली दुखतेय!

सकाळी ती दुकानात आली. हातात तिचं जाकीट. "ताई, बाही खाली आलीय, जरा वर घेऊन द्याल? आज सगळे बघणार." म्हणजे नटवायचंही मीच! तिला स्टुलावर उभी केली आणि बाहीला टाचण्या लावायला घेतल्या. तिच्यामागे फळीवर शाळेचे गणवेश रचलेले होते, वसाहतीतल्या पहिलीच्या पोरांचे. एवढे एवढे सदरे. या वर्षी इतके आले होते की फळी पुरेना, म्हणून खुर्चीवरही ढीग होता. बघवेना मला तो ढीग. ही सगळी पोरं उद्या त्याच तळ्याचं पाणी पिणार. धाकटीचं नाक कापलं जावं म्हणून मी यांच्या पाण्यात विष कालवू? जळकी आहे मी, पण इतकीही नाही.

"हलू नकोस," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. रस्ता, वीटभट्टी, पायंडा, पाच-पाच.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मग तुम्ही मांडा ताई. मी बाहेर जाते."

"तू बाहेर गेलीस तरी पाच-पाचच. आपल्या दोघींपैकी कोणीच मांडायचा नाही."

आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मी वाट बघत होते. एवढं पाठ केलेलं भाषण, एवढं जाकीट, सगळं गाव बघणार, आणि आता काही नाही. आता पडेल चेहरा, आता ओठ थरथरतील. मला थोडं तरी बरं वाटू दे की!

ती खदखदून हसली. "अहो, मग डुलकीकाका! ते कधी काही मांडत नाहीत, अध्यक्षांच्या स्वप्नातही येणार नाही." स्टुलावरून उडी मारून, एका बाहीला टाचण्या तशाच, पळाली ती. त्यांना जागं करून आमच्या स्वयंपाकघरात आणलं आणि दुपारपर्यंत स्वतःचं भाषण त्यांच्याकडून घोटून घेतलं. स्वतःचं! "काका, इथे थांबायचं. इथे पेल्यातल्या पाण्याकडे बोट दाखवायचं." मी दारात उभी राहून बघत होते. कुठेतरी राग असेल, कुठेतरी खंत असेल. शोधून शोधून थकले. तिला काही वाटलंच नव्हतं. आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त वाटलं.

सभागृह खच्चून भरलं होतं. वसाहतीतले लोक जिन्यापर्यंत उभे. अध्यक्ष सैल केलेला कोट घालून ऐटीत बसले होते. "ठराव कोण मांडतंय?" म्हणाले आणि धाकटीकडे बघून हसले. धाकटी स्वतःची नखं बघत होती.

डुलकीकाका उठले.

"तुम्ही?" अध्यक्षांनी आ वासला. "तुम्ही जागे आहात?"

"आज आहे," काका म्हणाले आणि त्यांनी ठराव मांडला. बोट पाण्याऐवजी पंख्याकडे दाखवलं, मध्ये दोनदा अडखळले, तेव्हा धाकटीचे ओठ हलताना दिसले. पण मांडला. न्हाव्याने अनुमोदन दिलं. हात वर झाले. आमचे सहा.

अध्यक्ष तोंडघशी पडले, पण माणूस चिवट. "थांबा! एका घरातल्या दोघी मत देतायत. पायंडा आहे आपल्याकडे."

मी उभी राहिले. "पायंडा ठराव मांडणाऱ्याच्या घरापुरता आहे, अध्यक्षमहाराज. डुलकीकाका आमच्याकडे राहायला आले की कळवते तुम्हाला. तोवर आमचे हात मोजा!"

सभागृहात असा हशा पिकला की अध्यक्षांना हात मोजण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. सहा विरुद्ध पाच. खाणीचा परवाना बारगळला.

बाहेर लोकांनी काकांना खांद्यावर घेतलं. मग सगळे धाकटीकडे वळले, नेहमीसारखे. मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, जा बाई, घे, तुझंच आहे सगळं.

धाकटीने हात वर केला. "माझं काही नाही यात," ती ओरडून म्हणाली. "ताईंनी आज मला थांबवलं नसतं तर आपण हरलो असतो. टेकडीवरचे खुंटे त्यांनी पाहिले, दारोदार त्या फिरल्या. मी त्यांचंच ऐकून बोलायला शिकले."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. सासूबाई रडत होत्या, माझ्याकडे बघून. इतकी वर्षं या टाळ्यांसाठी मी जीव टाकला होता, आणि त्या मिळाल्या त्याही तिने दिल्या म्हणून. गर्दीत पहिल्या रांगेत उभी राहून ती सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती, आणि मला त्या हसतमुखाने घ्याव्या लागल्या.