अकरा घरांची संमती

आज अर्धीच शाळा होती. डोकमर्डीत, आमच्या कामगारवस्तीत, घराच्या दारातच मोबाइल वाजला. ‘आपल्या अकरा घरांची संमती मिळाली. जमीन वापरातील बदलाला हरकत असल्यास आज सायंकाळी पाचपर्यंत नोंदवावी.’

कसली संमती? सोबतचा नकाशा उघडला. आमच्या घरांची ओळ आधी पिवळी होती, म्हणजे राहायची घरं. आता जांभळी! खाली लिहिलेलं: जांभळा रंग, औद्योगिक वापर.

ती संमती मीच दिली होती.

आमच्या ओळीत ऑनलाइन म्हटलं की गुड्डी, म्हणजे मी. सगळे धुळे-नंदुरबारकडून कंपन्यांत कामाला आलेले. रेशन, लाइटबिल, काहीही असो, अकराही घरांच्या फॉर्मवर नंबर माझाच. काय रुबाब माझा! गेल्या आठवड्यात ‘सोपी नवी पद्धत, एका क्लिकमध्ये’ अशी लिंक आली. मला वाटलं, गटाराचं काम असेल. अकरा वेळा ओटीपी, अकरा वेळा ‘सहमत’. चार मिनिटांत!

आई आणि बाकीचे शिफ्टला गेलेले. घरी होती फक्त शेजारची कोंडाबाई आजी. तिला सगळं सांगितलं.

“अवं माय! म्हंजे घर जाईल?”

“माहीत नाही आजी. पण इथं आता कारखाना उभा राहू शकतो.”

“अन् तू कवापासून आमची मालकीण झाली गं?” बोलता बोलता तिने चपला घातल्यासुद्धा.

रिक्षाने जमिनीच्या नोंदींचं कार्यालय गाठलं. रांगेत नंबर येईपर्यंत चार वाजून गेले. टेबलामागच्या मॅडमनी (पाटीवर नाव होतं शैलजा) आजीचा अंगठा घेतला. “ही एक हरकत झाली. बाकीच्यांनी स्वतः यायला हवं.”

“शिफ्टमधून सोडत नाहीत हो! बाकीच्या दहा घरांच्या सह्या मी करते ना.”

“वय किती तुझं?”

“पंधरा.”

“मग तुझी सही चालत नाही, बाळ. नियम आहे.”

माझ्या तोंडातून निघालंच, “मग माझं बटण कसं चाललं?”

मॅडमचा पेन थांबला. “कोणी दाबलं म्हणालीस?”

“मी. अकराही घरांचं. कोणालाच न विचारता.”

“हिनंच!” आजी म्हणाली. “लई हुशार हाय.”

मॅडमनी कोरा कागद पुढे सरकवला. “हेच लिही. जन्मतारखेसकट.”

यंदा वक्तृत्वात दोन बक्षिसं घेतलेली मी, पण पहिली ओळ तीनदा खोडली. शिक्का पडला तेव्हा चार सत्तावन्न झाले होते.

“म्हणजे वाचलो?”

“तू अठराची नाहीस, म्हणून अकराही घरांची संमती थांबली. आता सुनावणी होईल. अकराही घरांना बोलवू.”

बाहेर येऊन मी म्हटलं, “आजी, घरी जाऊ या?”

“घरी कशाला? कंपनीच्या गेटवर चल. सहाला शिफ्ट सुटती. तुझ्या आईपासून सुरू कर सांगायला.”

रिक्षाला हात आजीनेच केला.