चौथ्या पिंजऱ्यातला लेख

डॉक्टरसाहेब, एवढ्या मोठ्या रुग्णालयाचे तुम्ही प्रमुख, आणि हाडबाबाच्या सभेत पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होतात. नाही म्हणू नका, दोनशे माणसांनी पाहिलंय.

व्यासपीठावर बाबा एक हाड नाचवत होता. आमच्या गावच्या दोघी बहिणींतल्या धाकटीच्या सासरी उंबऱ्याखाली सापडलेलं. त्यावर बारीक रेघा, दोन-दोनच्या जोडीनं, ओळीत कोरल्यासारख्या.

"ही मेलेल्यांची लिपी!" बाबा गरजला. "पूर्वज लिहितात, आईच्या दुधात विष होतं. बाळ त्यानंच गेलं!"

धाकटीचं एकवीस दिवसांचं ते बाळ तुमच्याच रुग्णालयात गेलं होतं. सभा सुटली तशी सासूनं धाकटीला माहेरी आणून टाकलं.

थोरली बहीण पशुवैद्यकीय महाविद्यालयात हाडं साफ करते. जनावरांचे सांगाडे उकळायचे, खरवडायचे, तारेनं जोडायचे. वीस वर्षं झाली. पण घरात रडारड असताना हाड नीट बघायचं कुणाला सुचतं?

एका दुपारी धाकटीनं तिचा हात घट्ट धरला.

"ताई, ऐक. भिंतीत खरखर होतेय. ते लिहितायत. अजून माझ्याबद्दलच लिहितायत."

तिच्या पोलक्यावर दुधाचे ओले डाग होते. बाळ नव्हतं, दूध येतच होतं. ती ते पिळून मोरीत ओतायची, विषासारखं, वर बादलीभर पाणी टाकायची.

थोरलीनं भिंतीला कान लावला. खर्र. थांबलं. खर्र. तिच्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू! मग तिला तो आवाज ओळखीचा वाटला. महाविद्यालयात पिंजऱ्यांच्या खोलीत ती तो रोज ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं बोकडाच्या पायाचं स्वच्छ हाड चौथ्या पिंजऱ्यात टाकलं. पाच दिवसांनी काढलं, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट केलं आणि पुढच्या सभेत बाबापुढे ठेवलं.

"आमच्या अंगणात निघालं, महाराज."

बाबानं डोळे मिटून रेघांवरून बोट फिरवलं. "पोरी, तुझा मेलेला बाप लिहितोय. तहानलाय बिचारा!"

तिसऱ्या रांगेतून म्हातारा उठला. "ओ महाराज, बाप मीच. आत्ताच तांब्याभर पाणी पिऊन आलोय!"

सभा हसली. थोरली नाही हसली.

"हे उंदरानं लिहिलंय," ती म्हणाली. "त्याचे पुढचे पटाशीचे दात मरेपर्यंत वाढतात. झिजवले नाहीत तर तोंड मिटायचं नाही, म्हणून तो लाकूड, हाड, मिळेल ते कुरतडतो. वरचे दोन दात रोवतो, खालचे दोन ओढतो. म्हणून रेघा जोडीनं येतात. उंबऱ्याखालचं हाडही कुठल्यातरी जनावराचंच असणार, उंदरानं ओढून नेलेलं. आणा इथे, सगळ्यांसमोर ताडून बघू. कुणी लिपी दाखवली, की आधी विचारत जा, दात कुणाचे?"

बाबा घाम पुसत मागच्या दारानं सटकला. पहिल्या रांगेतून तुम्हीही उठलात, साहेब. तेवढ्यात धाकटी वाटेत येऊन उभी राहिली.

"उंदरानं लिहिलं, कळलं. मग माझं बाळ कशानं गेलं?"

बाळ गेलं त्या दिवशी तुम्ही तिला "देवाची मर्जी" म्हणालात आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारणाची जागा कोरी सोडलीत. त्या कोऱ्या जागेत हा लुच्चा बाबा शिरला.

ती अजून तुमच्यासमोरून हललेली नाही. कारण माहीत असेल तर सांगा. नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यानं कुणी मरत नाही. पण तिच्या दुधानं गेलं नाही, एवढं तरी या दोनशे माणसांपुढे, स्वतःच्या तोंडानं बोला.

बोलताय ना, साहेब?