साबणाच्या डब्या

बायको गेल्यावर मिस्त्रीने दुकानाला कुलूप लावलं ते नऊ आठवडे काढलं नाही. काढलं तेही दातांच्या डॉक्टरचा फोन आला म्हणून.

फोन बायकोच्या मोबाइलवर आला. तो मोबाइल मिस्त्री रोज चार्ज करून ठेवायचा. का ठेवायचा, ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"वहिनी, शनिवारी येतोय मी," पलीकडून आवाज आला. "ती गिटार ठेवलीय ना माझ्यासाठी?"

"वहिनी नाहीत," मिस्त्री म्हणाला.

"मग कधी येतील?"

आता यावर काय बोलायचं? मिस्त्रीने सांगितलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाला, की तुम्हाला जमणार नसेल तर राहू दे. मिस्त्री घाईघाईने म्हणाला, "नाही नाही, या. तिने शब्द दिलाय ना? मग या."

दुकान जुन्या तारवाद्यांचं. गिटारी, मेंडोलिन, व्हायोलिन, कुणाच्या माळ्यावरून आलेली, कुणाच्या वडिलांची. विकत घ्यायची, दुरुस्त करायची, विकायची. त्यात दुरुस्ती एवढीच मिस्त्रीची. बाकी सगळं तिचं. गिऱ्हाइकाशी बोलणं तिचं, भाव करणं तिचं, आणि प्रत्येक वाद्याच्या मानेला दोऱ्याने एक कार्ड बांधलेलं असायचं, तेही तिचंच. कार्डावर त्या वाद्यातले सगळे दोष लिहिलेले. गुण नाहीत, दोष. मिस्त्री सुरुवातीला चिडायचा. "अगं, मुलगी दाखवायला आणली आणि तू तिचे पडलेले दात मोजून दाखवतेस!" ती म्हणायची, "घरी गेल्यावर त्यांना दिसतीलच. मग आपलं तोंड कुठे लपवायचं?" हळूहळू लोक लांबून यायला लागले, ते त्या कार्डांसाठी.

डॉक्टरला हवी असलेली गिटार मिस्त्रीच्या सासऱ्यांची होती. साठ वर्षांपूर्वीची. सासरे आयुष्यभर हॉटेलांमधून ती वाजवत आले आणि दोन्ही मुलींच्या नावाने ठेवून गेले. मोठी मिस्त्रीची बायको, धाकटी मिस्त्रीची मेहुणी. मेहुणीच्या घराचं छत गळत होतं. पाऊस यायच्या आत ते नव्याने घालायचं होतं, म्हणून दोघी बहिणींनी मिळून गिटार विकायचं ठरवलं होतं. डॉक्टर आला की व्यवहार होणार आणि छत होणार, एवढी साधी गोष्ट होती.

मंगळवारी सकाळी मिस्त्रीने कुलूप काढलं. दुकान पहिल्या मजल्यावर, खाली बेकरी. बेकरीची भट्टी दिवसभर चालते, त्यामुळे दुकानाची फरशी थंडीतही कोमट असते. त्या दिवशी आतली हवा अशी कोरडी होती, की श्वास घेतला तर नाकात टोचली. रॅकवर वाद्यांच्या एकोणतीस पेट्या होत्या, जशा तिने ठेवल्या होत्या तशाच.

सासऱ्यांच्या गिटारीची पेटी त्याने टेबलावर घेतली आणि उघडली. मानेच्या शेजारी साबणाची डबी होती. प्रवासात नेतात तसली, प्लॅस्टिकची, झाकणाला तापलेल्या सुईने पाडलेली भोकं. प्रत्येक पेटीत तशी एक डबी असायची. मिस्त्रीने ती उचलली तर आत काहीतरी खडखडलं. झाकण उघडलं. आतला स्पंज वाळून दगड झाला होता.

मग त्याने गिटारीकडे पाहिलं. जिथे तारा अडकवतात त्या ब्रिजच्या खालून थेट काठापर्यंत पुढची फळी चिरली होती. चीर अशी, की तिच्यात नख जात होतं.

मिस्त्री स्टुलावर बसला.

गंमत अशी, की पाण्याची गोष्ट तिला शिकवली त्यानेच. दुकान घेतलं त्या वर्षी तो म्हणाला होता, खाली भट्टी आहे, लाकूड सुकेल, सुकलं की आकसेल आणि चिरेल. पेटीत काहीतरी ओलं ठेवायला हवं. दुसऱ्याच दिवशी ती बाजारातून साबणाच्या डब्या घेऊन आली. तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी ती किटली घेऊन रॅकसमोरून फिरायची. "झाडांना पाणी घालून येते," म्हणायची. बावीस वर्षं. मिस्त्री तेव्हा पाठमोरा बसून काही ना काही चिकटवत असायचा. किटलीचा आवाज त्याच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो आवाज म्हणजे एक काम आहे, आणि ते कुणीतरी करतंय, हेच तो विसरून गेला होता. नऊ आठवडे तो घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्या नऊ आठवड्यांत त्याला तिचं सगळं आठवलं, फक्त किटली आठवली नाही.

आता करायचं काय? खरी दुरुस्ती त्याला येत होती. चीर सरस भरून चिकटवायची आणि आतून लाकडाचे छोटे ठोकळे बसवायचे. पण त्याला तीन आठवडे लागतात, आणि ते ठोकळे आत कायम दिसतात. शनिवारला चार दिवस होते.

दुसरा एक मार्ग होता. तोही त्याला येत होता, फक्त त्याने तो कधी केला नव्हता. सुकलेल्या लाकडाला भरपूर पाणी दाखवलं की ते फुगतं आणि चीर मिटते. इतकी मिटते, की शोधून सापडत नाही. पुढच्या कोरड्या दिवसांत पुन्हा उघडते, पण तोवर गिटार दुसऱ्याच्या घरी असते.

एका डबीचं पाणी चार दिवसांत पुरणार नव्हतं. मिस्त्रीने आणखी पाच पेट्या हात आत जाईल एवढ्याच उघडल्या आणि आत न बघता चाचपून डब्या काढल्या. त्या पेट्यांत काय झालंय ते बघायची त्याची छाती नव्हती. त्याने सहा डब्या ओल्या केल्या, सासऱ्यांच्या गिटारीभोवती मांडल्या, पेटी बंद केली आणि वर हात ठेवून उभा राहिला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

बुधवारी मेहुणी आली. तिने पेटी उघडून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"भावोजी, हे काय हो? माझ्या घरात पाणी आणि तुमच्या दुकानात दुष्काळ! दोन्ही घरांची अदलाबदल तरी करून टाका."

"मिटेल," मिस्त्री म्हणाला.

"मिटेल म्हणजे? बरी होईल?"

"मिटेल."

मेहुणीने त्याच्याकडे नीट बघितलं. शेवटी त्याच्या बायकोचीच बहीण होती, समजायला वेळ लागला नाही. खुर्ची ओढून बसली.

"डॉक्टरला कळेल?"

"नाही कळणार."

"मग गप्प बसा. ताईने मला सांगितलं होतं, छत होईल. शेवटचं तिने मला जे सांगितलं ते हेच." जरा थांबून म्हणाली, "आणि जेवलात का? शर्ट बघा केवढा ढगळ झालाय. उद्या त्यालाही पाणी दाखवावं लागेल."

मिस्त्री हसला नाही. गुरुवारी चीर केसाएवढी झाली होती. शुक्रवारी दुपारी त्याने दिवा तिरका धरून पाहिलं, बोट फिरवलं, पुन्हा पाहिलं. चीर नव्हती. जिथे नख जात होतं तिथे फळी अखंड होती. त्याला ठाऊक होतं हे काय आहे. ठाऊक असूनही त्याला वाटलं, की नऊ आठवड्यांपैकी निदान काहीतरी परत आलं. तो टेबलावर डोकं टेकून रडला, आणि खालून बेकरीवाला ओरडून विचारेपर्यंत त्याला कळलंच नाही, की आपण मोठ्याने रडतोय.

शनिवारी मेहुणी सकाळीच येऊन बसली. मग डॉक्टर आला. उंच, वाकून चालणारा. आल्या आल्या त्याने हात जोडले, तिच्याबद्दल दोन शब्द बोलला, आणि गिटार समोर येताच त्याचा चेहरा उजळला. त्याने खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला, गिटारीच्या गोल छिद्रातून आत घातला आणि बॅटरी लावली.

"आ करा," गिटारीला म्हणाला. मेहुणी हसली. मिस्त्रीच्या पाठीवरून घाम ओघळत होता.

डॉक्टरने आरसा सगळीकडे फिरवला. ब्रिजच्या खाली जरा जास्त वेळ थांबला. आरसा पुढे सरकला.

"तोंड अगदी निरोगी," डॉक्टर म्हणाला. मग मानेला बांधलेलं कार्ड त्याने हातात घेतलं आणि मोठ्याने वाचलं. "मागच्या फळीला एक ओरखडा, बाबांच्या पट्ट्याच्या बकलाचा. तिसरी खुंटी बदललेली, मूळची नाही. पुढच्या फळीला चीर नाही. आवाज पहिली दहा मिनिटं जेवून झोपलेल्या माणसासारखा, मग मोकळा होतो." तो हसला. "वहिनींनी लिहिलंय, मग मी कशाला आरसा घेऊन फिरतोय!" त्याने आरसा खिशात टाकला. "मिस्त्री, हे कार्ड पेटीतच राहू दे हं. काढू नका. उद्या माझ्यानंतर ही कुणाकडे गेली तरी कार्ड हिच्याबरोबर जाईल."

मेहुणी पटकन म्हणाली, "हो, हो, राहील की."

पुढच्या थंडीत हा माणूस पेटी उघडेल. चीर बघेल. मग कार्ड बघेल. 'चीर नाही,' तिच्या अक्षरात. मिस्त्रीच्या डोक्यात एवढंच आलं, दुसरं काही नाही.

"जरा द्या ते," तो म्हणाला.

"भावोजी," मेहुणी म्हणाली.

त्याने कानामागची पेन्सिल काढली. तिच्या ओळी खोडायला हात होईना, म्हणून खाली उरलेल्या जागेत लिहिलं. त्याचं अक्षर मोठं आणि वेडंवाकडं, जागा पुरेना, शेवटचे शब्द काठावर चढले. 'आता चीर आहे. नऊ आठवडे पाणी घातलं नाही. हे माझ्यामुळे, बायकोमुळे नाही.'

डॉक्टरने वाचलं. पुन्हा वाचलं. "मला तर दिसली नाही."

"दिसणार नाही. चार दिवस पाणी दाखवलंय."

"म्हणजे तुम्ही हे लिहिलं नसतं तर..."

"तर नेली असती तुम्ही."

"आणि तुम्ही नेऊ दिली असती?"

मिस्त्रीला खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "हो," तो म्हणाला. "मघापर्यंत."

डॉक्टर उठला. रागावून ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने गिटार सावकाश पेटीत ठेवली, तारांवरून एकदा हात फिरवला. "सहा तास गाडी चालवत आलो मी. वहिनी असत्या तर फोनवरच सांगितलं असतं त्यांनी." आणि जिना उतरून गेला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

मेहुणी खिडकीशी उभी होती. "झालं समाधान?"

मिस्त्री पेटीचं झाकण लावत होता.

"मी काय सांगू घरी? छताखाली बादल्या ठेवा म्हणून?" तिचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "ताईनेही सांगितलंच असतं हो. तेच तर. नाहीतर तुम्हाला असं सुनावलं असतं मी, की खालच्या बेकरीतले पाव करपले असते."

ती पर्स उचलून दारापर्यंत गेली. तेवढ्यात दुकानात कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला. वाळकी काडी मोडावी एवढाच.

"काय वाजलं?" तिने विचारलं.

तो फळी चिरल्याचा आवाज होता. मिस्त्रीने तो उभ्या आयुष्यात चार वेळा ऐकला असेल, पण ओळखायला एकदा ऐकलेलाही पुरतो. त्याने रॅककडे पाहिलं. एकोणतीस पेट्यांतली एक टेबलावर. राहिल्या अठ्ठावीस. दहाव्या आठवड्यात त्याच्याकडे पाणी होतं, स्पंज होते, चार दिवस होते, आणि ते सगळं त्याने एका गिटारीला पाजलं होतं. पाच पेट्यांतल्या तर डब्याही काढून घेतल्या होत्या.

"किटली," तो म्हणाला. "किटली कुठे ठेवायची तुझी ताई?"

"मला काय ठाऊक? दुकान तुमचं!"

तो टेबलाखाली वाकला, मग खिडकीमागे, मग नळापाशी. किटली कपाटावर होती, पालथी घातलेली. त्याने ती घाईत नळाखाली वाकडीच धरली, अर्धं पाणी बाहेर. मेहुणीने पर्स खाली ठेवली आणि किटली त्याच्या हातातून घेतली.

"तुम्ही पेट्या उघडा."

त्याने पहिली उघडली. डबी नव्हती. दुसरी. या वेळी त्याने बघितलं. मेंडोलिनची पाठ उकलली होती. तिसरी, एक व्हायोलिन, ते धड होतं, किंवा निदान तसं दिसत होतं. मेहुणीने तिथली डबी काढली, दगड झालेल्या स्पंजावर किटली वाकडी केली.

"किती घालायचं?"

कमी पडलं तर सुकेल, जास्त झालं तर आत ठिबकेल आणि सांधे सुटतील, एवढं मिस्त्रीला माहीत होतं. पण त्या दोन्हींच्या मधलं माप बायकोच्या हातात होतं, आणि त्याने ते कधी मान वळवून पाहिलं नव्हतं.

"बोला ना, किती?"

"माहीत नाही गं," तो म्हणाला. रॅकवर पुन्हा काहीतरी 'टक्' वाजलं. "घाल. थोडं थोडं घाल."