उजाडल्यावर उठायचं हॉटेल

आयुष्यात मी पुष्कळ म्हशी निवडल्या आणि त्यातली एकही अजून फसवी निघाली नाही. म्हैस घेताना मी कुणाचं ऐकत नाही. कास बघतो, चाल बघतो, पाठीवरनं हात फिरवतो आणि ठरवतो. हॉटेल निवडायची वेळ आली तेव्हा मात्र मी अख्ख्या कट्ट्याला विचारलं, आणि तिथंच माती खाल्ली.

आमची राजनंदिनी पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिनं आम्हा दोघांची व्हिएतनामची तिकिटं काढली. शहराचं नाव हो ची मिन्ह. "बाबा, हॉटेल तेवढं तुम्ही निवडा," ती फोनवर म्हणाली, "पण आईला विचारून." हे 'आईला विचारून' तिनं फोन ठेवायच्या आधी पुन्हा एकदा म्हटलं. पोरगी माझीच आहे, बापाला ओळखते.

मी विचारलं की. विचारलं नाही असं कुणी म्हणू नये. आमचा गोठा गडमुडशिंगीला. संयोगिता शेण काढत होती, मी दारात टेकून उभा राहिलो आणि म्हणालो, "कसलं हाटेल पायजे तुला?"

तिनं पाटी खाली ठेवली. थोडा विचार केला. "उजाडल्यावर उठलं तरी चालतंय, असलं बघा."

"आनी?"

"आनी काय न्हाय. कुणी दार वाजवू ने. बास."

मला हसूच आलं. जगातल्या कुठल्या हॉटेलात गिऱ्हाइकाला पहाटे धारेला उठवतात? ही काय मागणी झाली! आमच्या घरात धार मी काढतो आणि गावभर तसं सांगतोही, पण अंधारात उठून म्हशींना वैरण टाकायचं आणि मग मला हलवून जागं करायचं काम तिचं. म्हशी एका हाकेत उठतात. मला दोन-तीन लागतात.

संध्याकाळी आम्ही म्हशी घेऊन कोल्हापुरात गंगावेशीत जातो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा, हा आमचा धंदा. काही माणसं दूध पिऊन घरी जातात. काही माणसं दूध पिऊन तिथंच बसतात, तो आमचा कट्टा. त्यात गुंडू आहे. त्याचं सिमेंटचं दुकान. कंपनीनं त्याला एकदा बँकॉकला नेलं होतं, तेव्हापासून तो आमचा परराष्ट्रमंत्री. आणि बाळाप्पा आहे, गडहिंग्लजकडचा, हार्डवेअरवाला. त्याला इंग्रजी वाचता येतं.

"शांत हाटेल बघायचं म्हंतोय," मी म्हणालो.

"शांत?" गुंडू ओरडला. "परदेशात जाऊन नऊला झोपायचं आसंल तर चंदगडला जा की! एस्टी जात्या!"

सगळे हसले. मी नऊला डुलक्या घेतो हे गंगावेशीतल्या म्हशींनाही माहीत आहे. पण माणसाला त्याची जी गोष्ट सगळ्यांना माहीत असते, नेमकी तीच खोटी पाडायची हुक्की येते. मी मिशीला पीळ भरून म्हणालो, "बरं, मग दावा तुमचं नाइटलाइफ."

बाळाप्पानं माझा मोबाइल घेतला. पहिल्या हॉटेलाखाली कुणीतरी लिहिलं होतं, की परिसर शांत आहे, वातावरण घरगुती आहे. "घरगुती पायजे तर घर काय वाईट हाय?" गुंडू म्हणाला आणि ते हॉटेल बाद झालं. दुसरं हॉटेल निघालं भलतंच देखणं. काळ्या भिंती, निळे दिवे, गच्चीवर बार, बारशेजारी पोहायचा तलाव. त्याखाली एका पाहुण्यानं चिडून लिहिलेलं बाळाप्पानं सावकाश मराठीत सांगितलं, "वरच्या मजल्यावर खोली घिऊ नका म्हंतोय. गच्चीवरचं गाणंबजावणं पहाटंपातूर थांबत न्हाय. पलंग हलतोय म्हंतोय."

मग गुंडूनं मांडीवर थाप मारली. "पलंग हलतोय? म्हंजे डॉल्बी हाय रं!"

झालं. तो बिचारा पाहुणा तक्रार करत होता आणि आम्ही ती शिफारस म्हणून वाचली. मिरवणुकीत छातीत धडधडलं नाही तर मंडळानं वर्गणी वाया घालवली म्हणणारी आमची माणसं. असल्या तक्रारी आणखी पुष्कळ निघाल्या आणि प्रत्येक तक्रारीला कट्ट्यानं दाद दिली. शेवटी बाळाप्पा म्हणाला, "घेतोयच तर वरचाच मजला घे. वरच्याला मान आस्तोय." मी वरचाच मजला घेतला. संयोगितानं काय मागितलं होतं ते आठवलं, नाही असं नाही. पण आपण नाइटलाइफ करणार म्हणजे झोपायचा प्रश्नच कुठं आला, अशी मी स्वतःची समजूत घातली. स्वतःची समजूत घालण्यात मला कुणी हरवू शकत नाही.

हॉटेलाच्या दारात पाय ठेवला तर आत मुद्दाम केलेला अंधार. पाठ नसलेल्या खुर्च्या. कोपऱ्यात लोखंडाचं काहीतरी वाकडंतिकडं उभं केलेलं.

"बघ, स्टाइल," मी म्हणालो.

"लाइट गेल्यात व्हय?" संयोगितानं विचारलं.

पहिल्याच संध्याकाळी मी तयार झालो. कडक इस्त्रीचा सदरा, अत्तर आणि या दौऱ्यासाठी मुद्दाम बनवून घेतलेली, तेल पाजलेली, चालताना करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल. राजनंदिनीनं दिलेले पांढरे बूट मी घरीच ठेवून आलो होतो. कोल्हापूरच्या माणसानं परदेशात कोल्हापुरी घालायची नाही तर कुणी घालायची? गच्चीच्या दारावर काळा कोट घातलेला एक तरणाबांड रखवालदार होता. त्यानं नमस्कार केला, हसला आणि माझ्या पायांच्या उघड्या बोटांकडं बोट दाखवलं. आत फक्त बंद बूट चालत होते. मी करकर वाजवून दाखवली, तरी ऐकेना.

"ऱ्हाऊ द्या की, चला खाली," संयोगिता म्हणाली. तिचे डोळे प्रवासानं मिटत होते. मी तिला खोलीवर पाठवलं आणि दाराशीच थांबलो, कारण कट्ट्याचा व्हिडिओ कॉल यायचा होता. तो आला. गंगावेशीत पंधरा तोंडं एका मोबाइलात घुसली होती आणि मागं आमची म्हैस रवंथ करत होती. माझा भाऊ सयाजी धार काढत होता.

"दाव, दाव! आत जा की!" गुंडू ओरडला.

"आत लई गर्दी हाय. मुद्दाम भायेर हुबा ऱ्हायलोय, हवेशीर वाटतंय," मी म्हणालो आणि रखवालदाराच्या कोपराआडून त्यांना निळे दिवे दाखवले. तेवढ्यावर कट्टा खूश झाला. मग मला जांभई आली. ती मोबाइलवर दिसू नये म्हणून मी 'रेंज जातीया' म्हणून कॉल कापला आणि खाली येऊन पडलो. माझं नाइटलाइफ संपलं तेव्हा गंगावेशीत गिऱ्हाइकं अजून दूध पीत होती.

गणपतीत घरासमोर डॉल्बी लावून मला कुणी जागं करू शकलेलं नाही. इथंही मी मेल्यासारखा झोपलो. खिडकीत झुंजूमुंजू व्हायला लागलं तशी सवयीनं जाग आली. पलंगाची संयोगिताची बाजू रिकामी होती. घरी मी उठतो तेव्हा ती बाजू रोजच रिकामी असते, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आळस देत मी बाथरूममध्ये गेलो.

ती अंघोळीच्या टबात झोपली होती. कोरड्या टबात, पांघरूण गुंडाळून, एक उशी डोक्याखाली आणि एक कानावर दाबून. वाटलं, पडली की काय. खांद्याला हात लावला तशी ती दचकून उठून बसली.

"किती वाजलं? धार झाली?"

"धार सयाजी काढतोय. आपन व्हिएतनामात हाय. तू हितं काय कराय लागलीयास?"

तिनं टबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "वर लई वाजत हुतं. पलंग हलत हुता. हितं जरा कमी ऐकू येतंय."

"मग मला उठवायचं न्हाय?"

"तुमाला आवडलंय न्हवं हे हाटेल," ती म्हणाली.

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर माझ्याजवळ उत्तर होतं. टोमण्यांना उत्तर द्यायची मला पंचवीस वर्षांची तालीम आहे. पण ती टोमणा मारत नव्हती. मला हॉटेल आवडलं म्हणून ती खरंच टबात जाऊन झोपली होती. मला स्वतःची लाज वाटली. बाथरूमच्या मोठ्या आरशात माझी पीळ भरलेली मिशी दिसत होती, तिचीही लाज वाटली.

मी तडक खाली गेलो. काउंटरवरच्या मुलीला माझं सगळं इंग्रजी देऊन टाकलं. "वाइफ स्लीप. नो म्युझिक. नो नॉक." ती हुशार होती, लगेच समजली. मागच्या बाजूला, खालच्या मजल्यावर एक खोली होती, पण खिडकीसमोर नुसती भिंत. "नो व्ह्यू, सर," ती ओशाळून म्हणाली.

"व्हेरी गुड," मी म्हणालो.

सामान मीच उचलून आणलं. संयोगितानं पडदा ओढला आणि आडवी झाली. मी खोलीत थांबलो नाही. मी घोरतो, शिंकतो आणि मोबाइलवर बोलतो तेव्हा शेजारच्या गल्लीला ऐकू जातं. एक खुर्ची बाहेर काढली आणि दाराला पाठ लावून बसलो. पलीकडनं खोल्या झाडणारी बाई गाडा ढकलत येत होती, एकेक दार ठोकत. ती जवळ आली तसे मी दोन्ही हात गालाखाली घेऊन मान कलती केली. ती हसली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि गाडा हळू ढकलत पुढं गेली. मला जरा उठून पाय मोकळे करावेसे वाटले, पण चप्पल करकरली. मग ती काढून खुर्चीखाली ठेवली आणि अनवाणीच बसलो.

तेवढ्यात खिशात मोबाइल थरथरला, गुंडूचा फोन. "मग! काय काय केलंस राती?"

"झोपलो," मी कुजबुजलो.

"मोठ्यानं बोल की! ऐकू येईना!"

"न्हाय बोलता येत."

"का? पोलिसांनी धरलंय व्हय?"

"राजनंदिनीची आई झोपलीया."

मग बाळाप्पाचा आवाज आला, "आत्ता? उजाडलंय की!"

"म्हनूनच झोपलीया," मी म्हणालो आणि फोन बंद करून खिशात टाकला. गेल्या कित्येक वर्षांत कट्ट्यावर शेवटचा शब्द माझा असण्याची ही पहिली वेळ. पण दाद द्यायला तिथं कुणी नव्हतं.

ऊन कॉरिडॉरच्या टोकाच्या खिडकीतून आत आलं, सरकत सरकत माझ्या खुर्चीपर्यंत पोचलं. मला चहाची तल्लफ आली होती, पण उठलो नाही. मग मागं कडी हळूच वाजली आणि दार थोडं उघडलं. संयोगिताचे केस विस्कटले होते, गालावर उशीची घडी उमटली होती. निवांत झोपून उठलेलं तिचं तोंड मी उजेडात कधी पाहिलंच नव्हतं.

"कुणी आल्तं?" तिनं विचारलं.

"न्हाय."

"च्या घेतलासा?"

"घेतला," मी खोटं बोललो.

तिनं माझे अनवाणी पाय पाहिले, खुर्ची पाहिली. दाराची कड धरून तशीच उभी राहिली. मग कुणी मोठं माणूस रागवेल की काय अशा आवाजात म्हणाली, "परत झोपू का जरा?"

मला एकदम गलबलून आलं. काहीतरी मोठं बोलावं असं वाटलं, पण तोंडातनं एवढंच निघालं.

"झोप की," मी म्हणालो.

दार लागलं. मी खुर्ची दाराच्या आणखी जवळ घेतली, ओढली नाही, उचलून घेतली.