साहेबांचा बहिरा कान

माईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण मेलेल्या माणसालाही पुन्हा मारता येतं, बरं का. लिहिणारा तसा भेटायला हवा.

नवरा एका बड्या पुढाऱ्याचा, साहेबांचा, अंगरक्षक. भर सभेत साहेबांवर गोळी झाडली गेली, तेव्हा तो नेमका डावीकडची जागा सोडून उजवीकडे गेला होता आणि गोळी आली डावीकडून. पुराव्याअभावी सुटला, पण नोकरी गेली, माणसं तुटली, शेवटी झुरून झुरून गेला. आता एका नावाजलेल्या लेखकानं त्या खुनावर जाडजूड पुस्तक लिहून ठोकून दिलं की अंगरक्षकानंच वाट मोकळी करून दिली.

खरं काय ते ऐका. साहेबांना डाव्या कानानं ऐकू येत नसे. जगापासून ते लपवलं होतं. सभेत कुणी प्रश्न विचारला की हा उजवीकडे सरकायचा आणि प्रश्न हळूच त्यांच्या चांगल्या कानात सांगायचा. त्या दिवशीही एका म्हातारीनं पाण्याबद्दल काहीतरी विचारलं होतं, बस्स! पण साहेबांना शब्द दिलेला, म्हणून चौकशीतही या भल्या माणसानं तोंड उघडलं नाही.

लेखक घरी आला होता तेव्हा माईंनी हे सगळं त्याच्या कानावर घातलं. लेक शेजारीच बसली होती. तो मान डोलावत ऐकत राहिला आणि पुस्तकात कानाचा उल्लेखसुद्धा नाही! कानाची गोष्ट आली असती तर पुस्तकातली हवाच गेली असती ना.

म्हणून वाचनालयात त्याचं व्याख्यान ठरल्यावर माई हट्टानं गेल्या, लेकीलाही ओढून नेलं. पोचल्यावर पाहतात तर अध्यक्षांच्या खुर्चीत लेक शिकवायची त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शाळेत लेकीनं सांगून ठेवलं होतं की बाबा कारकून होते. मुख्याध्यापिकांनी माईंना कधी पाहिलं नव्हतं एवढंच, तरी लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तशा माई उठल्या. आवाज खणखणीत. "मी त्या अंगरक्षकाची बायको. तुम्हाला कानाची गोष्ट सांगितली होती. का लिहिली नाहीत?"

लेखकाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "आजी, हे मी आजच ऐकतोय. तुम्ही सांगितलंत तेव्हा आणखी कुणी होतं का तिथं?"

काय निर्लज्ज माणूस! माईंनी खाली पाहिलं. लेक मान खाली घालून बसली होती, मांडीवरची पर्स घट्ट धरून. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. सगळा जन्म ज्यासाठी जळत काढला, ते एका बोटावर आलं होतं.

"नाही," माई म्हणाल्या. "मी एकटीच होते."

सभागृहात हळहळ पसरली. "वयानं होतं असं," कुणीतरी म्हणालं. लेखकानं नम्रपणे हात जोडले.

परतीच्या वाटेवर लेक रडत होती. "आई, मी बोलायला हवं होतं गं."

"राहू दे. उद्या शाळा आहे तुला."

घरी आल्यावर माई नवऱ्याच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. रोज त्या त्याच्याशी बोलत, आज मान वर होईना.

"अहो," त्या कशाबशा म्हणाल्या, "आज मीही बाजूला सरकले."