गुळगुळीत केलेला डोंगर

"ही रेष नीट कर," वायाळ सर म्हणाले. "फ्रेंच कर्व्हची वळणदार पट्टी लाव आणि एका ओघात काढ. परिषदेला तीन आठवडे उरलेत."

कौसल्या साळवे टेबलावर वाकलेलीच राहिली. अंबडच्या कॉलेजात भूगोल विभागाच्या मागच्या खोलीत अकरा महिने ती हेच काम करत होती. सकाळी तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि दुपारी सरांच्या हाताखाली पीएच.डी.चं काम. साल १९९४, एप्रिल महिना. घामाचा थेंब कागदावर पडू नये म्हणून तिने कपाळाला रुमाल बांधला होता.

बद्रीनाथ वायाळ सर दोन वर्षांपूर्वी भारताच्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आले होते. बर्फावरून ओढायच्या घसरगाडीवर रडार ठेवून ते शेकडो किलोमीटर फिरले होते. रडारची लाट बर्फातून खाली जाते आणि खडकावर आपटून परत येते. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून बर्फाची जाडी कळते. ही सगळी नोंद कागदाच्या गुंडाळीवर काळ्या-करड्या रंगात उमटते. वर नुसतं सपाट पांढरं मैदान होतं, आणि खाली दीड-दोन किलोमीटरवर अख्खी डोंगररांग होती, कुणी डोळ्यांनी न पाहिलेली. सरांनी आणलेल्या अशा एकवीस गुंडाळ्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून खडकाची रेष उतरवून काढायचं काम कौसल्याकडे होतं.

त्या रेषेत तिला खळगे दिसले होते.

डोंगराच्या माथ्याजवळ, एका बाजूने कोरून काढल्यासारखे. मागे ताठ कडा, मध्ये खोलगट तळ, पुढे उंबरठ्यासारखा जरा उचललेला काठ. असले खळगे छोटी हिमनदी कोरते, डोंगराच्या कुशीत बसून, हजारो वर्षं. दीड-दोन किलोमीटर जाडीचा बर्फ वर आला की तो तिथल्या थंडीत खडकाला चिकटून बसतो, मग असलं कोरीव काम होत नाही, उलट खालचं जसंच्या तसं जपलं जातं. म्हणजे हे खळगे मोठ्या बर्फाच्या आधीचे होते. तेव्हा डोंगर उघडे होते, दऱ्यांतून नद्या वाहत होत्या, आणि बर्फ फक्त माथ्यावर होता. शिवाय खळग्यांच्या ओळी दोन होत्या, एक वर आणि एक बरीच खाली. कौसल्याच्या मते बर्फ एकदा येऊन थांबला नव्हता. तो आला होता, मागे सरला होता, परत आला होता.

"सर, या रेषेत खळगे आहेत," ती म्हणाली. "गुळगुळीत केली तर जातील."

"ते खळगे नाहीत. बाजूच्या उतारावरून आलेले प्रतिध्वनी आहेत. रडार सरळ खालीच बघतं असं नाही."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून ताळा करून बघितला." तिने दोन ट्रेसिंग एकमेकांवर काटकोनात ठेवली. "रडारगाडीची सातवी आणि अकरावी फेरी इथे एकमेकींना कापतात. दोन्हींत खळगा त्याच जागी आहे, त्याच खोलीवर. बाजूचा प्रतिध्वनी असता तर दिशा बदलल्यावर सरकला असता."

सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना पटलं होतं हे कौसल्याला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि पुढची सगळी वर्षं तिला त्याचाच राग येत राहिला. न कळल्यामुळे ते नाही म्हणाले असते तर तिने माफ केलं असतं.

"निबंधात आपण लिहिलंय की बर्फ एकदाच आला आणि टिकला," ते म्हणाले. "सारांश छापून गेलाय. आता मी तिथे उभा राहून काय सांगू, माझ्या विद्यार्थिनीला खड्डे दिसले?"

"आहेत तर सांगायलाच पाहिजे ना, सर."

"कौसल्या, तुझे वडील विहिरी खोदतात ना? म्हणून तुला सगळीकडे खड्डेच दिसतात."

दारात उभा असलेला शिपाई हसला. सरही हसले. मग ते चहाला निघून गेले.

कौसल्याने रेष गुळगुळीत केली. फ्रेंच कर्व्ह लावून, एका ओघात, अगदी सुबक. मग शाईच्या पेनाने खालच्या कोपऱ्यात लिहिलं, 'मूळ नोंदीत माथ्याजवळ खळगे आहेत. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून रेष गुळगुळीत केली आहे. कौ. अ. साळवे.' आणि तारीख टाकली. खळग्यांची ट्रेसिंग तिने शेजारी ठेवली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सगळे कागद केराच्या टोपलीत होते, तुकडे तुकडे होऊन. गुळगुळीत रेष दुसऱ्या एका विद्यार्थ्याने नव्या कागदावर काढायला घेतली होती. त्याने मान वर केली नाही. जूनमध्ये तासिकांची यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. पीएच.डी.च्या अहवालावर सर सही करेनात. वर्षभर चकरा मारून शेवटी नोंदणी रद्द झाली. निबंध मात्र छापून आला, गुळगुळीत डोंगरासकट.

केदारखेड्याला घरी तिने वडलांना, अप्पारावांना, सगळं सांगितलं. विहिरींचं वाक्य तेवढं गाळलं. ते त्यांना दुसरीकडून कळलंच.

"मला हसला व्हय तो?" अप्पाराव म्हणाले. अंगणात बसून ते पहारीचं टोक घासत होते. "हसू दे. तू सांग, तुहं बराबर होतं का न्हाई?"

"बराबर होतं, बाबा. बिलकुल बराबर."

"मंग बस. आपल्या पुंजारामाच्या विहिरीत चाळीस फुटावर गोटे लागल्ते, गोल, हे एवढाले. मालक म्हने, इथं नदी कधीच नव्हती, तुम्ही वरून टाकले असतील. म्या म्हनलं, दगड वाहिल्याबिगर गोल होत न्हाई. तुम्ही न्हाई मानलं तर दगड काय चौकोनी होतो का?"

"पण त्यानं कागद फाडले, बाबा."

अप्पाराव पहार घासत राहिले, नेहमीपेक्षा जोरात.

जाफराबादच्या हायस्कुलात कौसल्याला शिक्षिकेची नोकरी मिळाली. लग्न झालं, दोन मुली झाल्या. लोक म्हणायचे, बाई शिकवतात छान, पण तापट आहेत. पोरांनी नकाशात नदी अंदाजे काढली की त्या वही परत द्यायच्या. "नदी तुझ्या सोयीनं वळत नाही," म्हणायच्या. राग कमी झाला नव्हता. तो रोजच्या कामात विभागला गेला होता इतकंच.

२००९च्या पावसाळ्यात वर्तमानपत्रात आतल्या पानावर बातमी आली. परदेशी शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाच्या मधोमध, बर्फाखाली पूर्ण गाडल्या गेलेल्या पर्वतरांगेचं रडारने चित्र काढलं होतं. नद्यांनी पाडलेल्या दऱ्या, आणि त्यांच्या माथ्याशी छोट्या हिमनद्यांनी कोरलेले खळगे. कौसल्याने बातमी उभ्यानेच वाचली. डोंगर वेगळा होता, हजारो किलोमीटर दूरचा, पण आकार तेच होते. आनंद व्हायला हवा होता. पण स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर ती मोठ्याने म्हणाली, "पंधरा वर्षं! पंधरा वर्षं झाली!" काय झालं ते कुणाला कळलं नाही.

दोन महिन्यांनी वायाळ सर स्वतः तिच्या घरी आले. निवृत्त झाले होते, हातात काठी होती. जीपने जाफराबादपर्यंत येऊन अंग खिळखिळं झालं म्हणाले. तिने पाणी दिलं.

"एका संस्थेतली तरुण संशोधक बर्फाखालच्या जमिनीचा नवा नकाशा करतेय," ते म्हणाले. "तिला माझ्या मूळ नोंदी हव्या आहेत. तुझ्याकडे एखादं ट्रेसिंग असेल तर..."

"ट्रेसिंग तुम्ही फाडलं, सर. गुंडाळ्या कुठे आहेत?"

सर काठीकडे बघत म्हणाले, "विभागाची खोली बदलली तेव्हा पेटी व्हरांड्यात होती. पावसानं भिजली. मग रद्दीत गेली."

"एकवीसही?"

"हो."

कौसल्या उठून उभी राहिली. बसून राहिली असती तर काय बोलली असती तिचं तिलाच माहीत. "म्हणजे जगात त्या डोंगराचा एकच पुरावा उरलाय, आणि तो खोटा आहे."

"खोटा म्हणू नकोस. सरासरी आहे. मी तिला निबंधात छापलेलं तेच चित्र पाठवणार आहे. तू फक्त... कुणी विचारलं तर काही बोलू नकोस. आता वय झालंय माझं."

"माझ्या वडलांचंही झालं होतं. ते गेले. तुम्ही त्यांना हसलात ते त्यांना ठाऊक होतं."

सरांनी मान खाली घातली. "चुकलं माझं," ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण म्हणाले. कौसल्याने पंधरा वर्षं मनातल्या मनात हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला होता. प्रत्यक्षात ऐकल्यावर तिच्या आत काहीच हललं नाही.

"हे मला नका सांगू. तिला कळवा."

"ते जमणार नाही."

"मग मी कळवते. पत्ता द्या."

पत्ता त्यांनी दिला नाही. तिने तो आठवड्याभरात शोधून काढला. चार पानी पत्र लिहिलं. छापलेली रेष मी काढलेल्या रेषेवरून गुळगुळीत केलेली आहे, ती वापरू नका. सातवी आणि अकरावी फेरी जिथे छेदतात तिथे खळगा होता, दोन उंचींवर दोन ओळी होत्या. माझ्याकडे पुरावा नाही. पुन्हा मोजा.

उत्तर आलं, सोबत नव्या नकाशाची प्रत. संशोधक बाईंनी सभ्यपणे लिहिलं होतं की चौकशीनंतर ते चित्र त्यांनी काढून टाकलं आहे, मात्र पुराव्याशिवाय खळगेही दाखवता येणार नाहीत. नकाशावर त्या जागी पांढरा चौकोन होता आणि त्यात बारीक अक्षरात 'नोंद उपलब्ध नाही' असं लिहिलं होतं.

खोट्या डोंगरापेक्षा कोरी जागा बरी, असं नवरा म्हणाला. ते खरं होतं, आणि तरी कौसल्याला ती जागा बघवेना. तिने त्याच दिवशी दुसरं पत्र लिहिलं. त्या भागात रडार पुन्हा कधी नेणार आहात? त्याला उत्तर आलं नाही. तिसऱ्यालाही नाही. चौथं तिने शाळेत जायच्या आधी, स्वयंपाक बाजूला ठेवून लिहिलं, आणि पेन इतकं दाबून की खालच्या पानावरही अक्षरं उमटली.