आबांचा हात

छोट्या ट्रॅक्टरला पुढे खडी-माती उचलणारा लोडर बसवायचा ठरला, तेव्हा थोरल्या मुलाने वडिलांना तोंडावरच सांगितलं, "आबा, सगळ्यांसमोर बकेट नीट उचलून दाखवलीत तर चावी तुमची. नाहीतर यापुढे ओट्यावर बसायचं."

आबा नुसते हसले. जन्मभर त्यांनी लोकांचे लोडर चालवले होते. लिव्हर मागे ओढली की बकेट वर, पुढे ढकलली की खाली. मनगटाला हे अंगाईसारखं पाठ होतं.

बकेट वरखाली करणारा तेलाचा पंप मुलानेच जोडला. त्याचे दोन पाइप आवळताना त्याने दोन्हींची तोंडं मुद्दाम अदलाबदल करून बसवली. चहा घेऊन आलेल्या सुनेने ते पाहिलं.

"अहो, हे उलटं होतंय."

"तू तुझ्या कपबशा सांभाळ."

शेजारीपाजारी जमले. आबांनी बकेट खडीच्या ढिगात घातली आणि लिव्हर मायेने मागे ओढली. बकेट उठेना. ती खालीच दाबत गेली आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं अधांतरी उचलली गेली.

"आबा, बकेट उचला म्हटलं होतं, ट्रॅक्टर नव्हे!" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मुलगा सगळ्यांत मोठ्याने हसला. सून रिकाम्या कपबशा गोळा करू लागली.

आबांनी पाइपांकडे पाहिलंसुद्धा नाही. पोराने आवळलेले पाइप, ते चुकतील कसे? परक्याच्या लेकराकडे बघावं तसे ते आपल्या हाताकडे बघत राहिले.

"हात गेला रे माझा," म्हणाले, आणि चावी काढून त्यांनी मुलाच्या तळव्यावर ठेवली.